उंच पोर सापडलं, आता पुढे काय?

वऱ्हाडातल्या कुठल्याही मोठ्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गात असा एखादा मुलगा असतोच. बाक त्याला पुरत नाही म्हणून तो पाय बाहेर काढून तिरपा बसतो. मित्र त्याला लंबू म्हणतात, गटफोटोत त्याला कायम मागच्या रांगेत पाठवतात. लोक चिडवतात म्हणून तो चालताना खांदे पाडून, पाठीला पोक काढून चालतो. घरी आई म्हणते, पोरगं ताडावानी वाढून राह्यलं, दर सहा महिन्यांनी पँट आखूड होते. मग एक दिवस क्रीडाशिक्षक त्याच्या हातात बास्केटबॉल देतात आणि साऱ्या गावाला वाटतं की आता हा कुठल्या कुठे जाणार.

शेलूबाजार, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या पट्ट्यातल्या अशा मुलांच्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर असते. त्यामुळे सहा फूट चार इंचांच्या मुलाला या खेळात जन्मतःच काही मिळालेलं असतं, हे खरं. पण ते फक्त भांडवल आहे. त्याचा खेळाडू व्हायला निदान चार-पाच वर्षं लागतात आणि त्या वर्षांना एक क्रम असतो. आधी पाय, मग हात, मग खेळाची समज, आणि ताकद या सगळ्यांच्या मागून सावकाश. हा क्रम उलटा केला की मूल जिल्हास्तरावर गाजतं आणि तिथेच संपतं.

आपल्या देशातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण पंजाबात आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. सतनाम सिंग बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के या छोट्या गावचा. वडील शेतकरी आणि स्वतःच सात फुटांच्या पुढचे. सतनामला लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत पाठवलं गेलं. तिथे डॉ. शंकरन सुब्रमण्यम हे प्रशिक्षक खेड्यापाड्यांतल्या उंच मुलांना घडवत होते. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेत फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. तेव्हा त्याला इंग्रजी जवळपास येत नव्हतं. पाच वर्षांनी, २५ जून २०१५ ला, डॅलस मॅव्हरिक्सनी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. अशी निवड झालेला तो पहिला भारतीय. वय १९, उंची सात फूट दोन इंच. पुढचे दोन मोसम तो मॅव्हरिक्सच्या टेक्सास लेजंड्स या दुय्यम संघात होता, पण मैदानावर फार थोडी मिनिटं उतरला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

माझ्या मते याचं कारण त्याच्या मेहनतीत शोधणं अन्यायाचं आहे. रिंगजवळ त्याचा हात मऊ होता, पासही बरा होता. पण तो घडत असतानाच खेळ बदलला. २०१५ च्याच जूनमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी अंतिम फेरीत आपल्या सात फुटी अँड्र्यू बोगटला बाकावर बसवलं आणि कमी उंचीचा, चपळ संघ उतरवून विजेतेपद मिळवलं. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला आता वीस-बावीस फूट बाहेर येऊन समोरच्या चपळ गार्डला, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या कमी उंचीच्या खेळाडूला, अडवावं लागतं. त्यासाठी डावीकडे-उजवीकडे झपझप सरकणारे पाय हवेत आणि ते विशीत नव्याने मिळवणं फार कठीण. म्हणून शेलूबाजारच्या मैदानावर पंधराव्या वर्षी त्या मुलाकडून पायांचं काय करून घेतलं जातं, याला महत्त्व आहे.

दुसरं उदाहरण आशा देणारं आहे. अमृतपाल सिंग पंजाबच्याच एका शेतकरी घरातला. आधी कबड्डी खेळायचा. बास्केटबॉल हातात आला तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. २०१४ मध्ये वुहानला झालेल्या आशिया चषकात भारताने चीनला चीनमध्ये ६५-५८ असं हरवलं, त्या संघात तो होता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक लीगमधल्या सिडनी किंग्ज संघाने त्याला करारबद्ध केलं. उशिरा सुरुवात झाली म्हणून सगळं संपत नाही. आधी अंगात कुठला खेळ मुरलेला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

आधी वही, मग डॉक्टर

मुलाची आजची उंची घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असते, सहा महिन्यांपूर्वीची कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे एक वही करा. दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी आणि अनवाणी, उंची आणि वजन मोजा. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. भिंतीला टेकून हात वर केल्यावर बोटं कुठे पोहोचतात, तेही लिहा. बास्केटबॉलमध्ये नुसत्या उंचीपेक्षा ही हाताची पोच जास्त कामाची असते.

मूल किती उंच होईल याचा ढोबळ अंदाजही घेता येतो. आई आणि वडील यांच्या सेंटिमीटरमधल्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि दोनाने भागा. वडील १७८ आणि आई १६३ असेल तर मुलाचा अंदाज १७७ सेंटिमीटर येतो. प्रत्यक्षात आठ-दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच. पण अशा घरातला मुलगा पंधराव्या वर्षीच १९३ असेल तर आनंदाआधी डॉक्टर गाठा. क्वचित प्रसंगी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीवर गाठ असते आणि तिच्यामुळे उंची भराभर वाढते. सतत डोकं दुखणं, बाजूचं कमी दिसणं, हातपाय आणि जबडा प्रमाणाबाहेर मोठा होणं ही तिची लक्षणं आहेत.

दुसरा आजार मार्फान सिंड्रोम. अंगकाठी उंच आणि सडपातळ, बोटं लांबसडक, हातांचा पसारा उंचीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त, बरोबर छातीचा पिंजरा आत गेलेला किंवा नजरेचा मोठा दोष. अशा मुलाची हृदयाची टूडी इको तपासणी व्हायलाच हवी, कारण या आजारात हृदयातून निघणारी महाधमनी कमजोर असते. अमेरिकेची सहा फूट पाच इंची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४ च्या ऑलिंपिकमधली रौप्यपदक विजेती, जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि गेली. तिला हा आजार असल्याचं जिवंतपणी कोणालाच कळलं नव्हतं. याउलट आयझाया ऑस्टिन या सात फुटी खेळाडूला २०१४ च्या एनबीए निवडीच्या काही दिवस आधी तपासणीत तो सापडला आणि त्याला वेळीच थांबवता आलं. लांब हात असलेल्या प्रत्येक मुलाला आजार असतो असं मुळीच नाही, चांगल्या बास्केटबॉलपटूंचे हात लांबच असतात. पण अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकदा दाखवून शंका फेडून घ्यायला एक दिवस जातो. तो दिवस द्या.

पाय

१९४२ साली शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाचे तरुण प्रशिक्षक आले. त्यांच्यासमोर सहा फूट दहा इंचांचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, स्वतःच्याच पायात अडखळणारा जॉर्ज मायकन उभा होता. मेयरनी त्याला शॉट शिकवायची घाई केली नाही. त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव दिला आणि चक्क नाच शिकवला. पुढे तोच मायकन व्यावसायिक बास्केटबॉलचा पहिला मोठा तारा झाला.

नाच शिकवायला आपल्याला शिकागोला जावं लागत नाही. शाळेत लेझीम आहे. लेझमीच्या पवित्र्यात गुडघे वाकतात, कंबर खाली जाते, पाय ताल धरून पुढेमागे पडतात आणि हात त्याच वेळी वेगळं काम करतात. उंच मुलाला नेमकं हेच जड जातं. सहा महिन्यांत चार इंच वाढलेल्या मुलाला आपले पाय कुठे संपतात हेच कळेनासं होतं. मेंदूला त्या नव्या अंगाची ओळख तालातून लवकर होते. लेझीम पथकात उंच मुलाला शोभेपुरतं शेवटी उभं करू नका, पहिल्या रांगेत घ्या.

खो-खो तर याहून मोलाचा. पाटीवर बसायचं, खो मिळताच झटक्यात उठून पळायचं, खांबापाशी अंग झुकवून गर्रकन वळायचं. या सगळ्यात घोटा, गुडघा आणि कंबर एकत्र काम करतात. उंच मुलगा खो-खोत हरेल, पहिल्या मिनिटाला बाद होईल, तरी खेळू द्या. कबड्डीने अंगाला अंग भिडवण्याची भीती जाते आणि खाली बसून बचाव करायची सवय लागते. हकीम ओलाजुवान नायजेरियात फुटबॉल आणि हँडबॉल खेळून मग बास्केटबॉलकडे वळला. रिंगजवळ त्याच्यासारखे नाजूक पाय पुढे फार थोड्यांचे दिसले. एनबीएत गाजलेला कॅमेरूनचा जोएल एम्बीड पंधराव्या वर्षापर्यंत व्हॉलीबॉल खेळत होता. तेव्हा पहिल्या वर्षी आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या खेळांना मोकळे ठेवा. यामुळे वर्ष वाया जातं असं वाटणाऱ्यांना मी ठामपणे सांगेन की याच वर्षावर पुढचं सगळं उभं राहतं.

बास्केटबॉलची म्हणून जी पावलं आहेत त्यांची सुरुवात थांबण्यापासून करा. धावत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणं, आणि एक-दोन असं पाऊल टाकून थांबणं. थांबल्यावर एक पाय जमिनीत रोवून दुसऱ्याने पुढे, मागे, गोल फिरणं, म्हणजेच पिव्हट. कच्च्या उंच खेळाडूच्या हातून चेंडू सर्वांत जास्त वेळा जातो तो याच ठिकाणी. तो घाबरतो, पाय उचलतो आणि पंचाची शिट्टी वाजते. मग उडी मारून उतरणं शिकवा. गुडघे आत न वळता, पावलांचा आवाज न होता, दोन्ही पायांवर. शेवटी बाजूला सरकणं. पाय एकमेकांवर न चढवता, ढुंगण खाली, छाती वर, सहा-सात पावलं डावीकडे आणि तितकीच उजवीकडे. हे सिमेंटवर करू नका. मातीचं मैदान आपल्याकडे आहेच, गुडघ्यांना ते बरं.

हात

उंच मुलांचे हात मोठे असतात, म्हणून ते चांगले झेलतात असा समज असतो. तो चुकीचा आहे. लहानपणापासून मैदानावर मागे उभा राहिलेला मुलगा झेलायला शिकलेलाच नसतो. रबरी चेंडू भिंतीवर मारून एका हाताने झेलायला लावा, आधी उजव्या, मग डाव्या. नंतर मोठा चेंडू. सोळा वर्षांच्या मुलाला ७ नंबरचा, मुलींना ६ नंबरचा, लहानांना ५ नंबरचा. चेंडू हातात आला की हनुवटीखाली दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, कोपरं बाहेर. उंच मुलगा चेंडू पोटाशी आणतो आणि पाच फुटी गार्ड तो काढून नेतो. तेव्हा चेंडू हनुवटीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ही एकच गोष्ट वर्षभर बजावत राहिलात तरी चालेल.

मायकनच्या नावाने ओळखला जाणारा सराव आजही जगभर चालतो आणि त्याला एक रिंग आणि एक चेंडू एवढंच लागतं. रिंगखाली उजव्या बाजूला उभं राहून डाव्या पायावर उडी घेत उजव्या हाताने फळीवर चेंडू टाकायचा. जाळीतून पडलेला चेंडू जमिनीला न लागू देता झेलायचा आणि एका पावलात डावीकडे जाऊन उजव्या पायावर, डाव्या हाताने टाकायचा. सुरुवातीला सलग सहाही होत नाहीत. सलग तीस होऊ लागले की पाय, हात आणि डोळे एकत्र आले असं समजा. डाव्या हाताच्या वेळी मुलगा नकळत उजवा हात वापरतो, तिथे सूट देऊ नका.

फ्री थ्रोकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होतं. रिंगजवळच्या उंच खेळाडूला अडवायचा सोपा मार्ग म्हणजे त्याला फाऊल करणं, त्यामुळे फ्री थ्रो त्याच्याच वाट्याला जास्त येतात. शकील ओनीलसारखा बलाढ्य खेळाडू कारकिर्दीत जेमतेम ५२.७ टक्के फ्री थ्रो टाकू शकला आणि प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम फाऊल करत राहिले. चीनचा सात फूट सहा इंची याओ मिंग मात्र ८३ टक्के टाकायचा. म्हणजे उंची आड येत नाही, सराव आड येतो. आधी रिंगपासून दोन पावलांवरून एका हाताने, मग एकेक पाऊल मागे जात ४.६ मीटरच्या रेषेपर्यंत. ज्या अंतरावरून अंग वेडंवाकडं करावं लागतं, त्या अंतरावर अजून जायचं नाही.

सामना जिंकायचा मोह

इथे क्रीडाशिक्षकांशी मोकळेपणाने बोलायचं आहे. शालेय स्पर्धा जवळ आली की उंच मुलाला रिंगखाली उभं करायचं, उंचावरून चेंडू द्यायचा आणि त्याने हात वर करून टाकायचा, एवढ्यावर जिल्हा जिंकता येतो. संस्थाचालक खूश, पालक खूश. अमरावती विभागात गेल्यावर समोर तितक्याच उंचीचा मुलगा उभा असतो आणि आपल्या पोराला दुसरं काहीच येत नाही. वर आणखी एक अडचण. रिंगखालच्या आखलेल्या जागेत आक्रमण करताना तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणजे तिथे उभं राहणं ही मुळात चुकीची सवय आहे.

त्याला बाहेर काढा. सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावायची, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत घट्ट उभं राहायचं, आणि लगेच वळून रिंगकडे धावायचं, हे शिकवा. आजच्या व्यावसायिक खेळात उंच माणसाची अर्धी रोजी यावर आहे. पास शिकवा. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ च्या निवडीत ४१व्या क्रमांकावर गेला. उडी नाही, वेग नाही, शरीर गुबगुबीत. पण त्याला मैदान दिसायचं आणि तो आज जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जातो.

बचावात उंच मुलाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक शॉटवर झेप घेणं. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. कच्चा उंच मुलगा पहिल्या सत्रातच तीन करून बसतो. नियम असा आहे की आपल्या जागेवर सरळ उभं राहून हात सरळ वर केले आणि समोरचा येऊन आदळला, तर तो आपला फाऊल नाही. म्हणून वर्षभर एकच हुकूम: हात वर, पाय जमिनीवर. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावण्यात शान नाही. एनबीएची अकरा विजेतेपदं मिळवणारा बिल रसेल चेंडू हलकेच अडवून तो आपल्याच संघाच्या हाती जाईल असं पाहायचा. हाच रसेल शाळेत असताना संघात कसाबसा जागा मिळवत होता आणि महाविद्यालयासाठी त्याला एकाच ठिकाणाहून शिष्यवृत्तीचं बोलावणं आलं होतं.

खेळाची समज सामन्यांतूनच येते, पण मोठे सामने गावात होत नाहीत. त्यावर थ्री बाय थ्री हा उत्तम उपाय आहे. एक रिंग, अर्धं मैदान, तीन-तीन खेळाडू, दहा मिनिटं किंवा २१ गुण. यात लपायला जागा नसते. उंच मुलाला चेंडू टप्पे देत न्यावा लागतो, बाहेर जाऊन गार्डला अडवावं लागतं, पास द्यावा लागतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी हा खेळ होऊ द्या, आणि निकाल फळ्यावर लिहू नका. रूडी गोबेअर २०१३ मध्ये एनबीएत आला तेव्हा त्यालाही दुय्यम लीगमध्ये बेकर्सफिल्डला पाठवलं होतं, कारण बाकावर बसून कोणी शिकत नाही.

सोयाबीन विकण्याआधी

वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन, तूर आणि हरभरा पोत्यांनी असतो, आणि त्याच घरातला मुलगा प्रोटीन पावडरचा डबा मागतो. याचं मला वाईट वाटतं. ७० किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन पेले दुधात १३ ग्रॅम, तीन अंड्यांत १८, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, दोन वेळच्या वरणात मिळून १६, ५० ग्रॅम सोयाबीनमध्ये १८, आणि ज्वारीच्या चार भाकरींत पंचवीस-तीस. हिशेब घरातच पुरा होतो. अंडी चालत नसतील तर दही, हरभरा आणि सोयाबीन वाढवा. सोयाबीन कच्चं कधीच देऊ नका. भिजवून नीट शिजवा किंवा भाजून दळणात मिसळा.

डब्याबद्दल इशारा गंभीर आहे. सतनाम सिंगच्या नमुन्यात २०१९ मध्ये हायजेनामीन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि त्याला दोन वर्षांची बंदी भोगावी लागली. हे द्रव्य काही वनस्पतींत असतं आणि चरबी घटवणाऱ्या, जोम वाढवणाऱ्या पूरक उत्पादनांतही आढळतं. तालमीतल्या कोणीतरी दिलेली पुडी, जिमवाल्याने सुचवलेली गोळी, ओळखीच्याने आणलेलं चूर्ण, काहीही तपासल्याशिवाय मुलाच्या पोटात जाता कामा नये. शिक्षा खेळाडूलाच होते.

वजन उचलायची घाई नको. पहिलं वर्ष बैठका, जोर, दोरीच्या उड्या, एका पायावर तोल सांभाळणं. उंच मुलाच्या मांडीचं हाड लांब असतं, त्यामुळे बैठक मारताना तो पुढे झुकतो. हे वळण बरोबर बसल्याशिवाय खांद्यावर लोखंड ठेवू नये. वाढीच्या वर्षांत गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखू लागलं तर तो आळस समजू नका. तिथे हाडाचा वाढणारा भाग ओढला जात असतो. उड्या बंद करून पोहणं, सायकल, फ्री थ्रो आणि झेलणं चालू ठेवा. याओ मिंगची कारकीर्द पायाच्या हाडांनी २०११ मध्ये संपवली. एम्बीडचे पहिले दोन अख्खे मोसम पायाच्या दुखापतीत गेले. मोठ्या शरीराचा भार लहान हाडांवर पडतो, हे कायम डोक्यात ठेवा. आठवड्याला चार दिवस, सव्वा तासाच्या वर सराव पहिल्या वर्षी नको. एप्रिल-मे मध्ये तो सकाळी सहालाच संपत आला पाहिजे.

बुटांवर बोलायला हवं, कारण इथेच गरीब घरातली मुलं मार खातात. १३-१४ नंबरचा बूट तालुक्याला मिळत नाही, म्हणून मुलगा ११ नंबरात पाय कोंबतो आणि नखं काळी पडतात. गावात वर्गणी काढायचीच असेल तर सत्काराच्या शालीऐवजी बुटांसाठी काढा. तसंच झोपायची खाट आखूड असेल तर जमिनीवर गादी घाला. शरीर वाढतं ते झोपेत, आणि आठ-नऊ तास पाय मुडपून कोणी झोपू शकत नाही.

गाव सोडायचं कधी

सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मुलगा गावातच राहिला तर बिघडत नाही, पण त्याला त्याच्याहून मोठ्यांसमोर उभं राहण्याची गरज असते. नागपूर ते शेलूबाजार हा समृद्धी महामार्गाचा साधारण २१० किलोमीटरचा टप्पा आहे. धरमपेठ क्रीडा मंडळ, शिवाजी नगर जिमखाना अशी नागपूरची मैदानं त्यामुळे एका दिवसात गाठता येतात. अमरावतीला १९१४ पासूनचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. सुट्टीत चार दिवस तिथे पाठवा, तिथल्या प्रशिक्षकांना वही दाखवा. आपल्या मुलाला काय येत नाही हे त्यांच्याकडून ऐकून या आणि त्यावर काम करा.

कायमचं पाठवायची वेळ आली तर भारावून जाऊ नका. मुलगा राहणार कुठे, शिकणार कुठल्या शाळेत, दुखापत झाली तर खर्च कोण करणार, वर्षाला किती सामने खेळायला मिळतील, आणि अकादमीने सोडलं तर तो परत कुठे येईल, एवढं विचारून घ्या. निवड चाचणीच्या नावाने आगाऊ पैसे मागणाऱ्याला, कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जायच्या आधी मुलाला हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी यायला हवं. परप्रांतातल्या वसतिगृहात बोलता न येणारा मुलगा रात्री एकटा रडतो आणि सकाळी सरावात मागे पडतो.

मुलींच्या बाबतीतही हे सगळं असंच लागू आहे, आणि त्यांची उंची तर घरातच लपवली जाते. केरळची सहा फूट दोन इंची गीतू अ‍ॅना जोस व्हॉलीबॉलमधून बास्केटबॉलमध्ये आली आणि ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळली. भारताची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याची, तिची आईही खेळाडू. नागपूरची सिया देवधर भारताकडून खेळली. लग्नाला अडचण येईल म्हणून सहा फुटी मुलीला मैदानापासून दूर ठेवणाऱ्या घरात शिक्षिकेने स्वतः जावं, आईशी बोलावं.

अपेक्षा किती ठेवायची, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा आणि ते एनबीएतल्या सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा संघ मुंबईत येऊन इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला. तरीही भारतात वाढलेला एकही खेळाडू अजून एनबीएच्या सामन्यात उतरलेला नाही. देशातली व्यावसायिक लीग अजून लहान आहे. खरी भाकरी आहे ती रेल्वे, सेनादलं, पोलीस, बँका आणि सार्वजनिक कंपन्यांच्या संघांत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. म्हणून शिक्षण सुटता कामा नये.

या सगळ्याला कागद लागतात, आणि आपल्याकडे मुलं अनेकदा कागदांवर अडतात. जन्मतारीख खरी ठेवा. एक-दोन वर्षं कमी लावून लहान गटात खेळवलेला मुलगा वयाच्या तपासणीत पकडला जातो आणि त्याची आधीची सगळी कामगिरी संशयात येते. जन्माचा दाखला, शाळेचा निर्गम उतारा आणि आधार कार्ड यांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे ना, ते सोळाव्या वर्षीच पाहून घ्या. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच त्यावरचं नाव, वयोगट, स्पर्धेचा स्तर आणि तारीख वाचा. चूक असेल तर वाशीमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून त्याच महिन्यात दुरुस्त करून आणा, कारण नोकरीच्या वेळी होणाऱ्या पडताळणीत पाच वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त होत नाही. मूळ कागद घरी कपाटात, एक संच शाळेत आणि एक संच आईच्या मोबाइलमध्ये ठेवा.